खटक्याचा चाकू नीट उघडत नाही? स्प्रिंग बदलायच्या आधी हे क्रमानं करा

बटणाचा चाकू अर्धाच उघडतोय, नाहीतर उघडतो पण लॉक बसत नाही, की लोकांचं निदान ठरलेलंच असतं: "स्प्रिंग गेली ओ." मग ड्रायव्हर घेऊन बसायचं, पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा, स्क्रू सोडायचा, आतून काहीतरी टुणकन उडून कपाटाखाली जायचं, आणि तेव्हा मात्र स्प्रिंग खरंच गेलेली असते. बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा नसतोच, आतली घाण, घट्ट झालेलं जुनं तेल किंवा गरजेपेक्षा जास्त आवळलेला पिव्होट, या तिघांपैकी एक निघतंय. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, एखादी पायरी फालतू वाटली तरी.

हे सगळं मुख्यतः बाजूनं उघडणाऱ्या, बटण आणि गोल गुंडाळीच्या स्प्रिंगच्या चाकूबद्दल आहे. रिव्हेटवाल्या जुन्या पट्टी-स्प्रिंगच्या चाकूंचं मध्ये मध्ये येईल.

० : आधी कायदा, मग पान्हा

हे टाळून पुढं जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम, यांच्या यादीत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम, शेती, कारखाना वगैरेसाठी बनवलेली सोडून. पण यावरून साडेतीन इंची बटणाचा चाकू कुठंही चालतो असं समजू नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं स्प्रिंगचे, बटणदार आणि गरारीदार (दातेरी खटक्यानं उघडणारे) चाकू वेगळे काढलेत आणि तिथं माप ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदी इतकं खाली आहे, म्हणजे इथं घरात ठेवलेला चाकू बॅगेत टाकून रेल्वेनं दिल्लीला गेलात तर गणित पूर्ण बदलतंय. आपल्याकडं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, यात्रा, निवडणूक अशा काळात बंदीचे आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुरे जवळ बाळगायला मनाई असते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत खिशात खटक्याचा चाकू घेऊन फिरणं म्हणजे स्वतःहून पोलिसांच्या गाडीत जाऊन बसणं. नवीन पीस घ्यायच्या आधी वकिलाला विचारा, आणि घेतलेला घरातच ठेवा.

याचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. वर्कशॉपला, स्प्रिंगवाल्याकडं किंवा लेथवर जाताना पूर्ण चाकू न्यायचा नाही, फक्त सुटा भाग न्यायचा. स्प्रिंग न्या, बटण न्या, स्क्रू न्या. पातं घरी राहू द्या.

१ : आजार कोणता ते हातानं ओळखा

अजून काहीही खोलायचं नाही. चाकू उघडा असेल तर बटण दाबून धरा आणि पात्याच्या पाठीवर तळवा ठेवून हळूहळू बंद करत आणा, बोटं धारेच्या वाटेत येऊ देऊ नका. आता नुसता जोर कसा लागतोय ते बघा.

जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा वाढत जातोय, पण उघडताना पातं रखडतंय: स्प्रिंग धडधाकट आहे, घर्षण जास्त आहे. पायरी ३ आणि ४ मध्ये काम होईल.

मध्येच एका जागी खरखर लागते: कचरा आहे नाहीतर वॉशर वाकलाय.

जोरच लागत नाही, पातं लुळं पडलंय, हलवलं की आत खुळखुळ येतंय: आता म्हणा स्प्रिंग तुटली.

उघडतो झकास, पण उघडल्यावर पातं वर-खाली हलतं: बटण किंवा स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिथं येऊन अडतं ती खिळी) झिजलीय. डावी-उजवीकडं हलत असेल तर पिव्होट ढिला आहे. हे दोन लोक कायम गोंधळतात, आणि वर-खाली हलणाऱ्या पात्यासाठी पिव्होट आवळत बसतात. पातं हलायचं थांबत नाहीच, उलट उघडायचंही बंद होतं.

जे चाकू समोरून सरळ बाहेर येतात, पातं मुठीतून पुढं सरकतं ते, त्यांचं वेगळं. पातं कशाला तरी अडून मध्येच लुळं झालं असेल तर ते तुटलेलं नसतं, रुळावरून उतरलेलं असतं. जाड फडक्यात पात्याच्या दोन्ही सपाट बाजू धरून हळू बाहेर ओढा, टक आवाज आला की बसलं. या जातीचा चाकू घरी खोलू नका एवढंच सांगतो, आतल्या स्प्रिंगा परत बसवणं हे वेगळंच काम आहे.

२ : सामान आणि जागा

टॉर्क्स बिट लागतील, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्याचे. अंगाच्या स्क्रूला साधारण टी-६, पिव्होटला टी-८ किंवा टी-१०. सोलापुरात नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं त्या दुकानांत हे मिळतात, तिथंच आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि बारीक चिमटाही घ्या. बिट चांगला घ्या बरं का. मऊ लोखंडाचा बिट पहिल्याच स्क्रूला गोल होतो. आणि ॲलन की घालून ताऱ्याचा स्क्रू फिरवणारे महाभाग आहेत, त्यांनी बिघडवलेला स्क्रू नंतर ड्रिल मारूनच काढावा लागतो.

तेल: शिवण मशीनचं. आपल्याकडं युनिफॉर्म शिवणारे कारखाने भरपूर, त्यामुळं कुठल्याही मशीनवाल्याकडं मिळेल. पातळ असतं, डाग नाही, चिकटा नाही. शेंगातेल किंवा खोबरेल घालायचं नाही म्हणजे नाही, शेंगातेल चटणीबरोबर भाकरीवर घ्या. खायचं तेल हवेनं घट्ट होऊन डिंकासारखं बसतं. ग्रीसही नको, बटणाच्या चाकूत ग्रीस म्हणजे ब्रेक लावल्यासारखं. डब्ल्यूडी-४० सफाईला चालेल, पण ते शेवटचं तेल नाही, ते पुसून काढायचं असतं.

बाकी: मास्किंग टेप, जुना टूथब्रश, इअरबड, चष्मा किंवा गॉगल, व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं साधन) असेल तर उत्तम, आणि एक मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी कशाला ते पायरी ५ मध्ये.

जागेचं म्हणाल तर पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणा आहे, मान्य, म्हणून सकाळी लवकर बसा. पंख्याखाली काम केलं तर बारीक वॉशर उडतो तो उडतोच, वर लूमजवळ राहणाऱ्यांच्या घरात टॉवेल-चादरीचा भुरका हवेत असतो तो सगळा तेलावर येऊन बसतो. स्क्रू ठेवायला स्टीलच्या ताटाखाली जुन्या स्पीकरचं मॅग्नेट ठेवतात ती आयडिया चांगली आहे, फक्त स्प्रिंग त्या ताटात ठेवू नका, तिला चुंबकत्व चढलं की लोखंडाचा चुरा ओढून घेत राहते.

३ : न खोलता सफाई

१. पातं उघडा, धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन पदर चिकटवा. टोकावर जास्त. टेप शेवटपर्यंत काढायची नाही.

२. पिव्होटच्या फटीत आणि बटणाच्या कडेनं आयसोप्रोपिलचे थेंब सोडा, बटण दाबत-सोडत राहा. काळं पाणी बाहेर येईल ते पुसा, परत सोडा. थेंब स्वच्छ निघेपर्यंत.

३. सायकल पंपानं नाहीतर रबरी फुग्यानं हवा मारा. भुरक्याचे गोळे बटणाखालून निघतात, बघायला मजा येते.

४. पूर्ण सुकू द्या, मग पिव्होटच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब तेल. एकच थेंब. तेल बाहेर ओघळायला लागलं की समजा पुढच्या महिन्यात धूळ खेचायची सोय करून ठेवलीत.

*थांबा:* मूठ लाकडाची, हाडाची, शिंगाची किंवा सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लॅस्टिक) असेल तर ओली करायची नाही. इअरबडनं नेमक्या जागी लावा. आयसोप्रोपिल पेटतं, त्यामुळं शेजारी गॅस किंवा उदबत्ती नको.

रिव्हेटवाल्या जुन्या चाकूंची घरातली दुरुस्ती इथंच संपते. तिथं पट्टीची स्प्रिंग लायनरला (मुठीच्या आतल्या पत्र्याला) रिव्हेटनं ठोकलेली असते, रिव्हेट ड्रिल करून काढला की परत तसाच ठोकायला हात बसलेला लागतो, नाहीतर पितळी बोल्स्टरवर (मुठीच्या टोकाच्या धातूच्या भागावर) हातोडीचे चंद्र उमटतात आणि संग्रहातली किंमत गेली.

गंजाबद्दल. लाल गंजावर तेल लावून रात्रभर ठेवा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलनं किंवा तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेनं घासा. काळसर-करडा थर असेल तर तो राहू द्या, तो गंज नाही, ती जुन्या कार्बन स्टीलची कातडी आहे. पॉलिश पेपर मारून आरसा करणारे लोक जुना पीस स्वतःच्या हातानं स्वस्त करतात. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांत आख्खा चाकू बुडवणं तर अजिबात नको. ॲसिड पिव्होटमध्ये शिरून बसतं, आणि कडक केलेली स्प्रिंग ॲसिडमध्ये राहिली की ठिसूळ होऊ शकते, मग एक दिवस विनाकारण तुटते.

४ : पिव्होटची परीक्षा

सुकल्यावर बटण दाबून बघा. अजूनही रखडतोय? मग पिव्होटचा स्क्रू आठवा हिस्सा फेरा ढिला करा आणि परत बघा. परत आठवा हिस्सा. पातं डावी-उजवीकडं हलायला लागेल तिथून अगदी थोडं मागं या. लई चाकू इथंच बरे होतात आणि मालक उगीच नवीन स्प्रिंग मागवून बसलेला असतो.

स्क्रू हलतच नसेल तर त्याला लॉकटाइट (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेलं असणार. जोर लावू नका. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट ठेवा, मग फिरवा. प्लॅस्टिक किंवा सेल्युलॉइडच्या मुठीला हा प्रयोग नको.

*तपासा:* या पायरीनंतर चाकू सलग, न अडखळता उघडत असेल आणि लॉक कट्ट बसत असेल तर थांबा. थेट पायरी ८ मधल्या 'तपासा' वर जा. खोलायची हौस म्हणून खोलू नका.

५ : खोलणं

पातं उघडं ठेवूनच खोलायचं. सगळ्यात जास्त चूक इथं होते. बंद चाकूत स्प्रिंग पूर्ण पिळलेली असते, कव्हर सुटलं की पातं मोकळं होऊन कुठंही जातंय. उघड्या चाकूतही थोडा पीळ शिल्लक असतोच, पण तो हातात मावण्यासारखा.

१. धारेवर टेप आहे ना ते परत बघा. गॉगल घाला.

२. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुढं प्रत्येक भाग काढताना फोटो काढत राहा, स्प्रिंगचं कुठलं टोक कुठल्या भोकात होतं हे संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नसतं.

३. चाकू पारदर्शक पिशवीत घ्या, हातही आत. धरायला अवघड जातं पण जे उडेल ते पिशवीत राहतं.

४. आधी अंगाचे छोटे स्क्रू, पिव्होट सगळ्यात शेवटी. लांब-आखूड स्क्रू वेगवेगळे ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की आतून पात्याला घासतो.

५. बटण असलेली बाजू कुठली ते ओळखून कव्हर सावकाश उचला आणि अंगठा बटणावर ठेवा, बटणाखाली एक चिमुकली स्प्रिंग असते, उडते ती बहुतेक हीच.

६. पातं अंगठ्यानं दाबून धरत बटण काढा. आता पातं उघड्या जागेच्याही पुढं जायला बघेल, जाऊ द्या, पण सावकाश, सोडून देऊ नका. ते जिथं जाऊन शांत होईल त्या जागेचा फोटो काढा. जोडताना या फोटोशिवाय काम होत नाही.

६ : काय बघायचं

वॉशर पुसून काचेवर ठेवा, डुगडुगला तर वाकडा. पितळी किंवा ब्रॉन्झचा वॉशर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं घासला तरी चालतो, फक्त दोन्ही वॉशर सारखे राहिले पाहिजेत.

मुख्य स्प्रिंगचे दोन पाय असतात, एक पात्याच्या बुडातल्या भोकात, दुसरा मुठीच्या भोकात. तुटते ती बहुधा पाय वळतो त्या कोपऱ्यात. भिंगातून तिथं चीर दिसते का बघा.

बटण. हे नीट वाचा. बटणाचा एक भाग जाड आणि एक बारीक असतो. जाड भाग पात्याच्या खाचेत अडकून पातं धरून ठेवतो, दाबलं की बारीक भाग समोर येतो आणि पातं सुटतं. बंद असताना आणि उघडल्यावरही, दोन्हीकडं हेच बटण लॉक आहे. "बटण जरा जड जातंय" म्हणून जाड भागावर कानस मारणारे लोक मी बघितलेत, तो चाकू नंतर कपाटातून काढतानाच उघडतो. बटणावर आणि पात्याच्या खाचेत कानस, पेपर, पॉलिश काहीही नाही. झिजलं असेल तर बदला, बदली मिळत नसेल तर तो पीस फक्त बघायचा, पातं उघडं ठेवून, स्प्रिंग काढून.

७ : नवीन स्प्रिंग लागणारच असेल तर

कंपनीची मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर एमआयडीसीत स्प्रिंग वळून देणारे आहेत, त्यांना जुनी स्प्रिंग द्या आणि चार गोष्टी लिहून द्या: तारेची जाडी, गुंडाळीचा बाहेरचा व्यास, फेऱ्यांची संख्या, आणि गुंडाळी डावी की उजवी. शेवटची विसरली तर स्प्रिंग दिसायला तंतोतंत आणि कामाला शून्य.

तारेची जाडी व्हर्निअरनं मोजा, नजरेनं नको. अशा स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. १ मिमीच्या जागी १.१ मिमी घेतली की जोर जवळपास दीडपट. "जरा स्ट्राँग बसवू" असं म्हणून जाड तार घेतली की पातं स्टॉप पिनवर आपटून आपटून पिनच वाकवतं, आणि बटणावर भार येतो तो वेगळा. कारखान्यानं जेवढी दिली तेवढीच ठेवा.

गॅसवर तापवून स्वतः तार वळायची नाही. कडक तार लाल झाली की ती स्प्रिंग राहत नाही, नुसती तार होते.

८ : जोडणी, चाचणी, धार

१. सगळे भाग कोरडे आणि स्वच्छ. स्प्रिंगला इअरबडनं तेलाचा पुसट हात.

२. स्प्रिंगचा पाय मुठीच्या भोकात घाला, वॉशर ठेवा, दुसरा पाय पात्याच्या भोकात घेऊन पातं पिव्होटवर बसवा, अगदी पायरी ५ च्या शेवटच्या फोटोत होतं त्याच जागी, म्हणजे उघड्याच्या थोडं पुढं.

३. आता पातं बंद करायच्या दिशेनं परत फिरवत आणा, स्टॉप पिन ओलांडताना किंचित उचलून घ्या, उघड्याच्या जागी आलं की बटण आणि त्याची छोटी स्प्रिंग बसवा. बटणानं पातं पकडलं पाहिजे. नवखे लोक इथं पातं आधीच उघड्या जागी ठेवून बसवतात, पीळच पडत नाही, आणि शेवटी चाकू अर्धा उघडतो. मग परत "स्प्रिंग गेली ओ".

४. कव्हर, अंगाचे स्क्रू, पिव्होट. अंगाच्या छोट्या स्क्रूंना जांभळं लॉकटाइट २२२, पिव्होटला निळं २४२ किंवा २४३, टोकावर टाचणीच्या डोक्याएवढं. लाल नको, ते काढायला आग लागते. लॉकटाइट आत वॉशरवर गेलं तर पातं चिकटेल. २४ तास हात लावू नका.

*तपासा, टेप काढायच्या आधीच:* बंद करून, पात्याचं टोक कुणाकडंही नसेल असं धरून, मूठ तळहातावर चार वेळा आपटा. उघडला तर लॉक धरत नाही, परत पायरी ६. सेफ्टी (बटण अडवून ठेवणारी कळ) असेल तर ती लावून बटण जोरात दाबा, हलता कामा नये. मग दहा-बारा वेळा उघड-बंद करा, प्रत्येक वेळी पातं पूर्ण गेलं पाहिजे. उघड्या पात्याच्या पाठीवर जाड हातमोजा घालून हलका दाब द्या, बंद व्हायला लागलं तर तो चाकू वापरायचा नाही.

धार सगळ्यात शेवटी. आधी लावून ठेवली तर वरच्या सगळ्या पायऱ्या धारदार पात्याबरोबर कराव्या लागतात. आणि संग्रहातल्या जुन्या पीसला मूळ धार असेल तर हात लावू नका, ग्राइंडरवर नेलेलं पातं अरुंद होतं आणि जाणकार ते पहिल्या नजरेत ओळखतो.

९ : ठेवायचं कसं

कातडी कव्हरात ठेवू नका. कमावलेल्या कातड्यातली रसायनं आणि ओल यांनी पात्यावर ठिपके पडतात, पितळेवर हिरवं चढतं. कव्हर वेगळं, चाकू वेगळा.

आपली हवा कोरडी, त्यामुळं कोकणातल्या लोकांसारखा गंजाचा त्रास नाही, पण सप्टेंबरच्या पावसात डब्यात सिलिका जेल हवं. पात्याला तेलाचा पुसट हात, बोटांचे ठसे पुसून. बंद ठेवल्यानं चांगली स्प्रिंग मरते ही अफवा आहे, ती मरते टीव्ही बघत बसून दिवसभर खटखट करण्यानं. डबा कुलपात ठेवा, घरात पोरं आहेत म्हटल्यावर हे सांगायला नको.

मुठीचं मटेरियल बघून घ्या. हस्तिदंताची किंवा सांबर-चितळाच्या शिंगाची मूठ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो, विकणारा "जुनं आहे, चालतंय" म्हणेल, त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका, सोडून द्या.

जुनं सेल्युलॉइड, विशेषतः पारदर्शक पिवळसर किंवा कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचं, हे स्वतःच कुजतं. त्यातून आम्लाची वाफ निघते आणि डब्यातल्या शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. डबा उघडल्यावर उग्र वास, मुठीवर बारीक चिरा, मुठीजवळच तेवढा गंज, असं दिसलं की तो पीस लगेच वेगळा काढा आणि हवेशीर जागी ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, सोलापूरच्या उन्हात कुजणं आणखी वेगानं होतं आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. त्यावर ग्राइंडर, पॉलिशिंग व्हील काही चालवू नका.

प्रत्येक पीसची एक चिठ्ठी डब्यात ठेवा: पात्याची लांबी-रुंदी सेंमीमध्ये, कुठून घेतला, पावती, शेवटची सफाई कधी केली, कुठला भाग बदलला. बदललेला मूळ भाग तुटका असला तरी प्लॅस्टिकच्या पुडीत घालून चिठ्ठीला जोडा, पुढं विकायला काढलात तर घेणारा आधी तोच मागतो.